शुद्धिपत्र

मे महिना. कूलरच्या गवतातून खसाचा ओला वास.
महालातल्या या वाचनालयात दुपारी आम्ही दोघीच,
मी आणि टेबलाखालची मांजर.
वाळवीच्या आधी मला हे कपाट
उसवून, शिवून, नोंदवून संपवायचं आहे.

आज हाती आली एक कादंबरी, एकोणीसशे एकतीसची.
लेखिका सौ. मनकर्णिका वैरागडे,
छापखाना इतवारीतला, किंमत बारा आणे.
प्रस्तावना कुण्या रावबहादुरांची:
‘लेखिकेने स्त्रीसुलभ मर्यादेचा पदर
कोठेही ढळू दिलेला नाही.’

गोदा आणि हेमंत.
हेमंत तिला भेटतो विहिरीवर,
बायकांच्या धुण्याच्या वेळेला,
आणि कुणीच पदर सावरत नाही.
हेमंत तिच्या पाठीला उटणं लावतो, सासूसमोर.
तिसऱ्या प्रकरणात त्याचा फेटा सुटतो
आणि कमरेपर्यंत येतो.
सातव्यात, अंधारात,
त्याचं मनगटी घड्याळ किणकिणतं.

मी मोठ्याने हसले. मांजर दचकली.
मग हात थांबला दोऱ्यावर.
बाप्पा, हेमा होती ती.

कुणीतरी बसलं असेल तांबड्या शाईची दौत घेऊन
ती-चा तो करत,
वेलांटी काढ, काना दे, मात्रा दे.
शिशाच्या किती वेलांट्या त्या रात्री
परत खान्यात पडल्या असतील.
बाईंना विचारलं असेल का?
की त्याच म्हणाल्या असतील, करा,
पण फेटा कमरेपर्यंत राहू द्या?

पोळ्याच्या पाडव्याचं प्रकरण मात्र तसंच सोडलंय.
काळी आणि पिवळी, दोन मारबती
गर्दीत एकमेकींसमोर येतात.
घेऊन जा गे मारबत, पोरं ओरडतात,
खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा,
आणि गाव दोघींना जाळायला नेतं.
गोदा खिडकीत. मागे हेमंत.
गोदा विचारते, आपल्यावर काय काय लादून नेतील रे?

पान एकशे सतरा, ओळ नऊ:
‘हेमंत काहीच बोलली नाही.’

एक सुटली.

शेवटी डकवलेली चिठ्ठी, शुद्धिपत्र, चौदा चुका.
खिळ्यांची घसरण, र्‍हस्व-दीर्घ, एक उलटा अनुस्वार,
आणि अकरावी:
‘पृ. ११७, ओ. ९ : बोलली ऐवजी बोलला असे वाचावे.’
बोट ठेवून दाखवलं नसतं
तर मी तरी कुठे थांबले असते तिथे.

शेजारी शिसपेन्सिल, इतकी फिकट
की पान उन्हाकडे तिरपं धरावं लागतं:
‘असे वाचणार नाही.’

पुस्तक नेणाऱ्यांची यादी मागच्या पुठ्ठ्याला.
सभासद क्रमांक दोनशे बारा, पाच वेळा.
दोनशे बाराची नोंदवही मागेच वाळवीने खाल्ली.

मी कोणाला हसते?
‘काहून, आज लवकर?’ ठवरे काका विचारतात तेव्हा
म्हणते, घरी वाट बघत असतील.
अनेकवचन, आदरार्थी.
बारा वर्षं मी भूतकाळ टाळते.
भूतकाळ लगेच अडवतो, आला की आली?
भविष्यात निभतं:
येईल, जेवेल, थांबेल.
दौत माझीच आहे, शाईही मीच घोटते.

नियम असा की सुटी चिठ्ठी जागच्या जागी परत डकवावी.
मी मैद्याची खळ केली, थोडा मोरचूद टाकला,
डकवली. पेन्सिलीवर खोडरबर फिरवायचा असतो.
नाही फिरवला.

खाली हॉर्न वाजला, दोनदा, ओळखीचा.
सेहेचाळीस डिग्रीत ती कधी गाडीवरून उतरत नाही.
‘कोण आलं?’ ठवरे काका, पेपरातून मान न काढता.
बोटांना खळ होती. पुसत बसले.
‘आली,’ म्हटलं,
आणि नाव सांगायचं राहूनच गेलं.